आईंची घंटी: इंदूरमधल्या एका पहिल्या भेटीचं प्रकरण

रंगपंचमी होऊन चार दिवस झाले होते. इंदूरची गेर, म्हणजे रंगपंचमीची रंग उधळत जाणारी मिरवणूक, ज्याने पाहिली आहे त्याला माहीत आहे, तो रंग आठवडाभर निघत नाही. मी मानसशास्त्रज्ञ आहे. माझ्या खोलीत पहिल्यांदाच आलेल्या एका जोडप्यातल्या यजमानांच्या कानामागे हिरवा रंग तसाच होता. राजवाड्याकडून येताना पोरांनी गाठलं, म्हणाले. बायकोच्या अंगावर मात्र एक ठिपका नव्हता. आषाढात सासूबाई गेल्या, म्हणून घरात यंदा सण नाही.

या बाईंना मी इथे वहिनीच म्हणणार आहे. पहिल्या भेटीत मी प्रत्येकाला विचारते, तुम्हाला काय म्हणू? त्या म्हणाल्या, "राजेंद्र नगरात सगळे वहिनीच म्हणतात, तुम्हीही म्हणा." ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत आणि लिहिण्याआधी त्यांना विचारलं आहे. त्यांनी होकार दिला तो एका कारणासाठी. त्यांच्या मते, पहिल्या भेटीत काय होतं हे आधी कुणी सांगितलं असतं तर त्या पाच महिने आधी आल्या असत्या.

वहिनी त्रेपन्न वर्षांच्या. यजमान सरकारी नोकरीतून निवृत्त, मुलगी सव्वीस वर्षांची, तिच्यासाठी स्थळं बघणं चालू. सासूबाई गेल्या त्याच्या सहा वर्षं आधी त्यांना लकवा झाला. पहिली चार वर्षं त्या काठीने घरात हिंडायच्या, शेवटची दोन वर्षं पलंगावरच. हवेची गादी, दर दोन तासांनी कूस बदलणं, डायपर, मिक्सरमधून काढलेलं जेवण. बोलणं जवळजवळ गेलं होतं, म्हणून पलंगाच्या दांडीला नाडीने देवघरातली पितळी घंटी बांधलेली. डाव्या हाताने नाडी ओढली की घंटी वाजायची आणि वहिनी उठायच्या. रात्री साधारण तीन वेळा.

आषाढात आई गेल्या. तेराव्यापर्यंत जो जो भेटायला आला तो एकच म्हणाला: फार केलंस, आता सुटलीस. दिवाळीच्या सुमारास वहिनींच्या छातीत धडधड सुरू झाली. ईसीजी, टूडी इको, थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ सगळं तपासलं, सगळं ठीक. हे तपासणं योग्यच होतं. थायरॉइड वाढला तरी अशीच धडधड होते, आणि ते न बघता थेट "मनाचं आहे" म्हणणं हा निष्काळजीपणा ठरला असता. डॉक्टरांनी शेवटी चिठ्ठीवर एक शब्द लिहिला, "काउन्सेलिंग", आणि खाली रेघ मारली. पुढे काही बोलले नाहीत.

ती चिठ्ठी पाच महिने देवघराच्या खणात उदबत्तीच्या पुड्याखाली होती. माझ्या हातात आली तेव्हा तिला चंदनाचा वास होता आणि चार घड्यांवर ती फाटायला आली होती. म्हणजे वहिनी ती पुन्हा पुन्हा उघडून बघत होत्या. माझ्या क्षेत्राबाहेरच्या डॉक्टरांना मी कळकळीने सांगते, तो शब्द लिहाल तेव्हा दोन मिनिटं बोला. तिथे फक्त बोलायचं असतं, पहिल्या दिवशी कुणी दाखल करून घेत नाही, एवढं सांगितलं तरी ती चिठ्ठी खणात पडून राहणार नाही.

पाच महिने थांबण्याची कारणं वहिनींनी नंतर सांगितली. इंदुरात लहानपणापासून ऐकलेलं असतं, बाणगंगेला पाठवू. बाणगंगेचं मानसिक रुग्णालय मेडिकल कॉलेजशी जोडलेलं सरकारी रुग्णालय आहे आणि तिथे रोज कितीतरी लोक बाह्यरुग्ण विभागात दाखवून घरी परत जातात. पण शहराच्या बोलण्यात तो शब्द धमकीसारखाच येतो. दुसरं भय गोळ्यांचं, की एकदा सुरू झाल्या की जन्मभर सुटत नाहीत. तिसरं मुलीच्या स्थळाचं. आई 'असल्या' डॉक्टरकडे जाते हे कळलं तर काय, म्हणून गीता भवन चौकातल्या माझ्या खोलीपर्यंत येताना त्यांनी ओळखीतल्या कुणाला 'डोळ्यांच्या डॉक्टरकडे' असं सांगितलं होतं. चौथं कारण त्यांनी यजमानांनाही सांगितलं नव्हतं. ते पुढे येईलच.

आधी फॉर्म भरला. नाव, वय, घरात कोण कोण, पूर्वीचे आजार, चालू गोळ्या, अडीअडचणीला फोन करायचा तर कुणाला. यजमान शेजारच्या खुर्चीवर बसून उत्तरं देत होते. झोप कशी? "झोपते की, दुपारी." भूक? "खाते थोडं." वहिनी फॉर्मकडे बघत होत्या. यजमानांचा यात दोष नव्हता. सहा वर्षं दवाखान्यात आईचं तेच सांगत आले होते, आजारी माणसाच्या वतीने बोलायची त्यांना सवय झाली होती. मी म्हटलं, "काका, पहिली दहा मिनिटं तुम्ही बसा, मला तुमच्याकडूनही ऐकायचंय. मग मी वहिनींशी एकट्याने बोलेन. शेवटी त्यांना हवं असेल तर तुम्हाला परत बोलावू." ते थोडे चपापले, पण दहा मिनिटांनी उठले. दार लागल्यावर वहिनींनी मान वर केली आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

मग मी बोलले. पहिल्या भेटीत आधी मीच बोलते, कारण समोरच्या माणसाला नियम माहीत नसतात. मी काय काय सांगितलं ते इथे सगळं देते, हे ऐकायला मिळणं हा तुमचा हक्क आहे.

मी मानसशास्त्रज्ञ आहे, गोळ्या लिहून देऊ शकत नाही. गोळ्या देतात ते मनोविकारतज्ज्ञ. ते आधी एमबीबीएस आणि मग मनोविकारशास्त्रात शिकलेले डॉक्टर असतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, १९९२ च्या कायद्याने. माझा नोंदणी क्रमांक भिंतीवर लावलेला आहे. कुणाकडेही गेलात तर विचारायला लाजू नका. आजची भेट सव्वा तासाची, पुढच्या पन्नास मिनिटांच्या. इथे बोललेलं इथेच राहतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात, कलम २३ मध्ये, गोपनीयता हा तुमचा हक्क म्हणून लिहिला आहे. अपवाद मोजके: तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका दिसला, लहान मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळलं, किंवा न्यायालयाने मागितलं तर. तसं काही करावं लागलंच तर शक्यतो आधी तुम्हाला सांगून करेन. एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसेल तर "पुढे जा" म्हणा. आणि माझ्याशी जमलं नाही तर दुसऱ्या कुणाकडे जाण्यात काहीच गैर नाही, मीच नावं सुचवीन.

वहिनींनी एकच विचारलं. "मतलब, ह्यांना पण नाही?"

"ह्यांनाही नाही. तुम्ही सांगाल तेवढंच."

मग त्यांनी पर्समधून किराण्याचं बिल काढलं. पाठीवर यादी लिहिलेली होती, हिंदीत. नींद नहीं आती. दिल धड़कता है. भूख कम. चिड़चिड़ापन. अशा सहा ओळी. त्या वाचायला लागल्या, तेही हिंदीत, बँकेत अर्ज वाचून दाखवावा तशा. इंदूरच्या आपल्या लोकांचं हे मला फार ओळखीचं आहे. घरात मराठी, रस्त्यावर हिंदी, आणि डॉक्टरकडे तर हिंदीच. आजार हिंदीत सांगायचा असतो, रडू मात्र मराठीत येतं. मी त्यांना थांबवलं नाही, भाषा बदला असंही म्हटलं नाही. मी माझ्याकडून मराठीत बोलत राहिले, एवढंच.

यादी संपल्यावर माझ्याकडून चूक झाली. सासूबाईंचं किती वर्षं केलंत, असं विचारलं, त्या "सहा" म्हणाल्या, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "खूप केलंत हो तुम्ही." मनापासूनच म्हटलं होतं. पण वहिनींचा चेहरा दार ओढून घ्यावं तसा बंद झाला. "हं," म्हणाल्या, आणि बिलाची घडी घालायला लागल्या.

मिनिटभर मला कळेना. मग लक्षात आलं, तेराव्याला आलेला प्रत्येक माणूस हेच म्हणाला होता. मी त्या रांगेतली पुढची झाले होते. ज्याला आत काहीतरी बोचतंय त्याला "खूप केलंत" म्हटलं की तो ते बोचणारं सांगू शकत नाही; सांगितलं तर आपण कौतुक खोटं पाडतो असं त्याला वाटतं. मी म्हटलं, "वहिनी, हे मी आत्ता बोलले ते सगळेच म्हणत असतील ना? आणि ऐकून बरं वाटत नसेल."

त्यांनी घडी घातलेलं बिल परत उघडलं. अगदी खाली, कोपऱ्यात, पेन्सिलने सातवी ओळ होती, मराठीत. रात्री २.४०, आईंची घंटी.

"वाजते, ताई. अजून वाजते. घंटी तर मी दहाव्यालाच काढून टाकली. भांड्यांच्या ट्रंकेत आहे. पण दोन चाळीसला वाजते आणि मी उठून बसते. एकदा तर त्यांच्या खोलीत जाऊन उभी राहिले होते." मग एकदम, "आता लिहा. मला माहितीये हे कशाचं लक्षण आहे."

हेच ते चौथं कारण. त्यांना वाटत होतं, हे सांगितलं की मी फोन उचलीन आणि बाणगंगेची गाडी येईल.

मी लिहिलं नाही, पेन ठेवलं. मी त्यांना सांगितलं की वेल्समध्ये रीस नावाच्या डॉक्टरांनी २९३ विधवा आणि विधुरांशी बोलून १९७१ मध्ये एक अभ्यास छापला होता. जवळजवळ निम्म्या लोकांना गेलेल्या जोडीदाराची चाहूल लागायची. कुणाला आवाज ऐकू यायचा, कुणाला दिसायचं, कुणाला नुसतं जवळ असल्यासारखं वाटायचं. बहुतेकांनी हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं. काहींनी तर लोक हसतील म्हणून. आणि वहिनींच्या बाबतीत तर कान दोन वर्षं त्या आवाजावर झोपलेले. तान्ह्या बाळाच्या आईचे कान कसे झोपेतही जागे असतात, तसे. झोप पातळ झाली की तोच आवाज आतून येतो.

तरी मी नीट विचारून घेतलं, कारण नुसता धीर देणं पुरत नाही. घंटी दिवसा वाजते का? नाही. दुसरे आवाज, कुणी बोलतंय, हुकूम देतंय असं? नाही. उठून दिवा लावला की? "कळतं की नाहीये." कुणी आपल्या मागे लागलंय असं वाटतं का? त्या पहिल्यांदा हसल्या. "मागे तर मीच लागलेय सगळ्यांच्या." या उत्तरांनी माझी काळजी बरीच कमी झाली. उत्तरं वेगळी आली असती तर मी त्याच आठवड्यात त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं, आणि तसं त्यांना सांगितलंही.

दोन छोट्या प्रश्नावल्या भरल्या. नऊ प्रश्नांची उदासीनतेसाठी, सात प्रश्नांची चिंतेसाठी. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, शून्य ते तीन. वहिनींना पहिलीत २७ पैकी १३ आले, दुसरीत २१ पैकी ११. दोन्ही मध्यम. या आकड्यांना लोक परीक्षेच्या गुणांसारखं घाबरतात. तो ताप मोजण्यासारखा प्रकार आहे. ताप कशाचा ते त्यातून कळत नाही, पुढच्या महिन्यात उतरला का हे मात्र कळतं.

नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा असतो. तो मी कागदावर सोडत नाही, तोंडाने विचारते, सरळ शब्दांत. विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जातो ही समजूत चुकीची आहे; उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा श्वास घेतो. "वहिनी, मरावंसं वाटतं का कधी? जीव द्यावा असं?" त्या थोडा वेळ गप्प होत्या. "जीव द्यावा असं नाही. पण सकाळी उठूच नये असं वाटतं." कसं मरायचं हे मनात आलंय का, घरात तसं काही जवळ ठेवलंय का, हेही विचारलं. दोन्हीला ठाम नाही, आणि मुलीचं लग्न पाहायचंच आहे, हे त्यांनी आपणहून सांगितलं. तरी टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक त्यांच्या फोनमध्ये मी तिथेच बसून साठवून दिला. ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेली ही सरकारी सेवा आहे, फोन फुकट, रात्री दोन चाळीसलासुद्धा.

मग त्यांनी विचारलं ते बहुतेक सगळे विचारतात. "मला झालंय तरी काय?"

पहिल्याच भेटीत नाव चिकटवायला मला आवडत नाही. आकडे उदासीनतेकडे बोट दाखवत होते. आईंना जाऊन आठ महिने झाले होते आणि लांबलेल्या शोकाचाही विचार करावा लागणार होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्यासाठी किमान सहा महिन्यांची मर्यादा आहे. पण त्या दुखण्यात गेलेल्या माणसाची तीव्र ओढ असते, आणि वहिनी ज्याबद्दल बोलत होत्या ती ओढ मला वाटली नाही. ती धास्ती होती. म्हणून मी खरं ते सांगितलं: झोप मोडलीय, मन खचलंय, सहा वर्षांचं काम एका दिवसात संपलं पण शरीर अजून ड्यूटीवर आहे. नाव द्यायला मला अजून दोन-तीन भेटी लागतील. दर गुरुवारी एक, अशा सहा भेटी करू आणि सहावीला दोघी मिळून ठरवू. तोवर आकडा उतरला नाही तर गोळ्यांविषयी मनोविकारतज्ज्ञांना विचारू, आणि त्या गोळ्या बहुतेकांना काही महिन्यांनी डॉक्टर हळूहळू कमी करून थांबवतात. खर्चाचं बोलणंही तेव्हाच झालं, यजमानांना न बोलावता. दर आठवड्याला परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात मन-कक्ष, म्हणजे मनाच्या त्रासासाठीचा सरकारी विभाग, आहे, तोही रस्ता सांगून ठेवला.

त्या आठवड्यासाठी मी थोडंच दिलं. उशाजवळचं घड्याळ दुसऱ्या खोलीत. जाग आली आणि वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर अंथरुणात तळमळत पडायचं नाही, बाहेरच्या खोलीत बसायचं, झोप आली की परत यायचं. दुपारची दोन तासांची झोप अर्ध्या तासावर आणायची, संध्याकाळचा चहा बंद. घंटी वाजली तर वेळ वहीत लिहायची. घालवायचा प्रयत्न करायचा नाही.

पाच मिनिटं उरली होती. वहिनी उठल्या, पदर सारखा केला, दाराच्या कडीवर हात ठेवला आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "एक रात्र मी उठले नव्हते, ताई. घंटी वाजत होती. मी ऐकत पडले होते."

आपल्याकडे बायका निरोप घेऊन उंबऱ्यात अर्धा तास बोलतात, खरं ते तिथे निघतं. माझ्या खोलीतही तसंच होतं. पण पाच मिनिटांत ही गोष्ट उघडली असती तर ती तशीच उघडी घेऊन त्यांना स्कूटरवर मागे बसून राजेंद्र नगरला जावं लागलं असतं. मी जवळ गेले. "हे सांगितलंत, बरं केलंत. मी लिहून ठेवतेय. पुढच्या गुरुवारी इथूनच सुरू करू. तोवर एकट्याने उत्तर शोधत बसू नका." आजची रात्र जाईल ना, हेही विचारलं. त्यांनी मान हलवली. डोळे पुसले नाहीत, वाहू दिले.

बाहेर यजमान उभे. "मॅडम, काय म्हणाली?" मी वहिनींकडे बघितलं. त्याच म्हणाल्या, "सांगते घरी. जेवढं सांगायचं तेवढं."

पुढच्या गुरुवारी त्या दहा मिनिटं आधी आल्या आणि बसल्या बसल्या त्या रात्रीपासून सुरुवात केली. आई त्या रात्री गेल्या नव्हत्या, त्यानंतर सोळा दिवसांनी गेल्या. पण घंटी ऐकत पडून राहिलेल्या त्या वेळेचा आणि त्या मरणाचा हिशेब वहिनींनी मनात जोडून ठेवला होता. तो सोडवायला बऱ्याच भेटी गेल्या. ते सगळं इथे मांडत नाही, ते त्यांचं आहे. एकूण अकरा भेटी झाल्या, गोळ्या लागल्या नाहीत. आठव्या भेटीत तेरावरचा आकडा पाचवर आला होता. आषाढातलं वर्षश्राद्ध मध्ये आलं तेव्हा दोन आठवडे घंटी पुन्हा रोज वाजली, मग विरळ झाली. ट्रंकेतली घंटी त्यांनी स्वतः काढली, चिंचेने घासली आणि देवघरात परत ठेवली.

शेवटच्या भेटीत मी विचारलं, पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला तुम्ही काय सांगाल? मला वाटलं, भीतीबद्दल काही बोलतील. वहिनींनी जरा विचार केला.

"पोहे खाऊन या म्हणावं. मी त्या दिवशी उपाशी आले होते. रडून झालं की फार भूक लागते, ताई."